मूत्रमार्गाचा जंतुदोष आणि आपल्या नित्याच्या सवयी

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात महिला शाखेच्या विद्यमाने दिलेले व्याख्यान)



आपल्या वार्षिक मेळाव्यात आरोग्यविषयक एक व्याख्यान असावे, अशी प्रथा मंडळाने चालविली आहे. यंदा ते काम माझ्याकडे आले, तेव्हा हृदयविकार, मधुमेह किंवा नेत्ररक्षण यांपैकी एखादा विषय मी घेईन अशी चिटणीसांची अपेक्षा होती. मी विषय सांगितला तेव्हा ते क्षणभर संकोचले. त्यांच्या संकोचाचा मला राग आला नाही. उलट विषयाची निवड योग्य झाली अशी माझी खात्री पटली. ज्या दुखण्याचा चारचौघांत उच्चार करावयास आपण लाजतो, तेच दुखणे घरोघर मुकाट्याने सोसले जाते. आणि जे मुकाट्याने सोसले जाते, ते वाढते.

आपल्या आयाआज्यांनी या दुखण्याला ‘उन्हाळी लागणे’ असे सुटसुटीत नाव दिले होते. लघवीला जळजळ होणे, वारंवार जावेसे वाटणे, गेल्यावर थेंबभरच होणे, ओटीपोट दुखणे, लघवी गढूळ, दुर्गंधियुक्त किंवा लालसर होणे, ही त्याची लक्षणे. आयुर्वेदात मूत्रकृच्छ्र या नावाने त्याचे सविस्तर वर्णन आलेले आहे. नावात उन्हाळा असला, तरी प्रत्येक वेळी दोष उष्णतेचा नसतो. कडक उन्हात पाणी कमी पडून लघवी दाट झाली म्हणजे नुसती आग होते, ती पाणी प्याल्याने शमते. परंतु पुष्कळदा या लक्षणांच्या मुळाशी जंतूंचा उपद्रव असतो, आणि त्याचाच विचार आज आपणास करावयाचा आहे.

प्रथम शरीररचना थोडक्यात पाहू. दोन मूत्रपिंडे रक्त गाळून मूत्र तयार करतात. ते दोन नलिकांतून मूत्राशयात उतरते, आणि तेथून मूत्रमार्गाने बाहेर पडते. हा शेवटचा मार्ग पुरुषांत सुमारे वीस सेंटिमीटर लांब असतो, तर स्त्रियांत तो अवघा चार सेंटिमीटरच्या आसपास असतो. शिवाय त्याचे मुख गुदद्वाराच्या जवळ असते. या दुखण्याला बहुतेक वेळा कारण होणारा जंतू म्हणजे ई. कोलाय. १८८५ साली थिओडोर एशेरिश या वैद्यकशास्त्रज्ञाने त्याचे प्रथम वर्णन केले. हा जंतू आपल्या आतड्यांत एरवी निरुपद्रवीपणे नांदत असतो. तेथे तो आपला भाडेकरू आहे. मूत्राशयात शिरला की तोच घुसखोर ठरतो. स्त्रियांच्या बाबतीत त्याला प्रवास थोडा करावा लागतो, इतकेच. म्हणूनच निम्म्याहून अधिक स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हे दुखणे होते, आणि ज्यांना एकदा झाले त्यांतील सुमारे चौथ्या हिश्श्याच्या स्त्रियांना ते सहा महिन्यांच्या आत पुन्हा गाठते. तेव्हा भगिनींनो, हे दुखणे होणे म्हणजे अस्वच्छतेचा किंवा दुर्वर्तनाचा पुरावा नव्हे. ही गोष्ट सासवांनी आणि पतिराजांनीही ध्यानात ठेवावी.

आता शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्था कोणती ते पहा. विहिरीच्या साचलेल्या पाण्यात शेवाळ धरते, वाहत्या ओढ्यात धरत नाही. मूत्राशयाचे असेच आहे. जे काही जंतू आत शिरतात, ते वेळोवेळी लघवीबरोबर धुऊन निघतात. अनुकूल परिस्थितीत ई. कोलायची संख्या सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होते. मूत्रात हा वेग मंद असतो म्हणून आपण अर्धा तास धरू. तरीही सहा तास लघवी तुंबवून ठेवली, तर हिशेबाने एका जंतूचे चार हजारांवर जंतू होतात! हा नुसता कागदावरचा हिशेब आहे हे मान्य. परंतु प्रवाह थांबला म्हणजे काय घडू शकते याची कल्पना त्यावरून यावी. यावरून दोन सवयी ओघानेच प्राप्त होतात: पुरेसे पाणी पिणे आणि लघवी न रोखणे.

पाण्याची गोष्ट आपण ‘ऐकून ठाऊक’ म्हणून सोडून देतो. परंतु तिला आता प्रयोगाचा आधार मिळालेला आहे. बल्गेरियात सोफिया येथे वारंवार हा विकार होणाऱ्या आणि दिवसाकाठी दीड लिटरहून कमी द्रव घेणाऱ्या १४० स्त्रियांवर वर्षभर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या स्त्रियांना रोजच्यापेक्षा दीड लिटर पाणी अधिक प्यावयास सांगितले, उरलेल्यांना नेहमीप्रमाणेच राहू दिले. अधिक पाणी पिणाऱ्यांना वर्षात सरासरी १.७ वेळा विकार झाला, तर इतरांना ३.२ वेळा. जवळजवळ निम्मा त्रास नुसत्या पाण्याने वाचला! इतके स्वस्त औषध दुसरे कोणते असेल?

किती पाणी प्यावे, असा प्रश्न लगेच येईल. आपल्या हवामानात निरोगी प्रौढ माणसाने दिवसभरात दोन ते अडीच लिटर द्रव घ्यावा, उन्हात काम असेल तर त्याहून अधिक. परंतु तांब्यांचा हिशेब ठेवण्यापेक्षा लघवीचा रंग पाहणे सोपे. ती फिकट, गवताच्या काडीसारखी पिवळसर असावी. गडद झाली की शरीर पाणी मागत आहे असे समजावे. ताक, कोकमाचे सरबत, धन्याचे पाणी, बार्लीचे पाणी, शहाळे, सगळे चालेल; मात्र साखर बेताची असावी. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असून डॉक्टरांनी पाण्याचे प्रमाण बांधून दिले आहे, त्यांनी माझे न ऐकता आपल्या डॉक्टरांचेच ऐकावे.

दुसरी सवय लघवी न रोखण्याची. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एका संपूर्ण अध्यायाचे नावच ‘नवेगान्धारणीय’ असे आहे. शरीराचे नैसर्गिक वेग अडवू नयेत, हा त्याचा विषय. त्यांत मूत्राचा वेग आवर्जून सांगितला असून तो रोखल्याने मूत्राशयात वेदना आणि मूत्रप्रवृत्तीस कष्ट होतात असेही म्हटले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा उपदेश आपण अभिमानाने मिरवतो. आचरणात मात्र आणीत नाही. जागेपणी तीन-चार तासांनी एकदा लघवीस जावे, घाई न करता नीट बसावे आणि मूत्राशय पूर्ण रिकामे होऊ द्यावे. आसनाला अंग लागू नये म्हणून अधांतरी ताटकळत उभे राहिल्याने स्नायू सैल पडत नाहीत आणि लघवी शिल्लक राहते. सार्वजनिक शौचालयाच्या आसनावरून हा रोग जडतो, ही समजूतही निराधार आहे. आसन पुसून घ्यावे आणि निश्चिंतपणे बसावे. त्या भीतीने सहा-सहा तास लघवी दाबून ठेवणे हे अधिक अपायकारक होय.

तिसरी गोष्ट स्वच्छतेची. शौचानंतर धुताना किंवा पुसताना हात नेहमी पुढून मागे जावा, मागून पुढे कधीही नाही. पाण्याची तोटी किंवा फवारा वापरतानाही हीच दिशा ठेवावी. लहान मुलींना प्रथमपासून हे वळण लावावे. या नियमाने किती रोग टळतो, हे प्रयोगांनी पाण्याइतके स्पष्ट दाखविलेले नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. परंतु जंतू कोठून कोठे जातो हे ठाऊक असल्यावर हा नियम शहाणपणाचाच ठरतो, आणि त्याला खर्चही नाही. उलट अतिस्वच्छतेचा रोग हल्ली बळावला आहे. सुगंधी साबण, जंतुनाशक द्रावणे, ‘विशेष’ प्रसाधने यांची तेथे मुळीच गरज नाही. योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस नावाचे उपकारक जंतू असतात, ते अपायकारक जंतूंना थारा देत नाहीत. तीव्र द्रावणांनी आपण आपल्याच पहारेकऱ्यांना हाकलून देतो. बाहेरून साधे पाणी पुरेसे आहे. अंतर्वस्त्रे सुती व सैल असावीत, ओली झाल्यास बदलावीत. मासिक पाळीत पॅड वेळेवर बदलावे. कापड वापरणाऱ्या भगिनींनी ते स्वच्छ धुऊन, कोपऱ्यात दडवून न ठेवता, उन्हात वाळवावे. ऊन लाजत नाही. आपणही लाजू नये.

येथे विवाहित स्त्रीपुरुषांसाठी दोन शब्द बोलणे प्राप्त आहे. नवविवाहित मुलींना हा त्रास विशेष होतो, कारण पतिपत्नींच्या निकट संबंधात जंतू मूत्रमार्गाकडे ढकलले जातात. त्यानंतर थोड्याच वेळात लघवी करून यावे आणि पाणी प्यावे. शुक्रजंतुनाशक मलमे काही स्त्रियांत या विकाराला निमंत्रण देतात. तसे आढळल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने संततिनियमनाचे दुसरे साधन निवडावे. आईने मुलीला लग्नापूर्वी चार पाककृती शिकवाव्यात, तशी ही गोष्टही सांगावी. त्यात अमर्याद असे काहीच नाही.

चौथी गोष्ट बद्धकोष्ठाची. भरलेले आतडे मूत्राशयावर दाब आणते आणि ते पुरते रिकामे होऊ देत नाही. मुलांच्या बाबतीत हे कारण पुष्कळदा दृष्टिआड होते. भाजीपाला, फळे, कोंड्यासह धान्य आणि पाणी यांनी पोट साफ राहील असे पहावे. तान्ह्या बाळाला सर्दी-खोकला नसताना ताप आला, तर त्याच्या लघवीची तपासणी अवश्य करून घ्यावी. ते बिचारे जळजळ सांगू शकत नाही. या वयात मुलग्यांनाही हा विकार होतो, हे विसरू नये.

आता काही अवस्थांकडे विशेष लक्ष वेधतो. गर्भवती स्त्रीच्या लघवीत कोणतेही लक्षण नसताना जंतू वाढलेले असू शकतात. एरवी अशा निर्लक्षण जंतूंवर औषध देण्याचे बहुधा कारण नसते. परंतु गरोदरपणी ते मूत्रपिंडापर्यंत चढून आईला गंभीर आजार होण्याचा आणि अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा धोका असतो. म्हणून पहिल्या काही महिन्यांतच लघवीची जंतुपरीक्षा करून घ्यावी. मधुमेह्यांनी रक्तातील साखर ताब्यात ठेवावी. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन या स्रावाच्या अभावी तेथील त्वचा पातळ व कोरडी होते आणि ते उपकारक जंतू कमी होतात. अशा स्त्रियांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्थानिक इस्ट्रोजेन मलमाचा चांगला उपयोग होतो. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे मलम वापरणाऱ्या स्त्रियांना वर्षाला सरासरी अर्धा वेळ, तर न वापरणाऱ्यांना सहाच्या जवळपास वेळा विकार झाल्याचे दिसले. आपल्या घरांतील वृद्ध स्त्रिया ‘आता वय झाले’ म्हणून हे सोसत बसतात, ते अनावश्यक आहे. वृद्ध पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथी वाढून लघवी शिल्लक राहते. पुरुषाला हा विकार झाला, तर त्यामागचे कारण शोधल्याशिवाय स्वस्थ बसू नये.

आता काळजी घेऊनही विकार झालाच तर काय करावे? येथे मला थोडे कठोर बोलले पाहिजे. औषधाच्या दुकानात जाऊन ‘लघवीच्या जळजळीची गोळी’ मागणे, किंवा शेजारणीच्या उरलेल्या चार गोळ्या घेणे, ही आपल्या समाजातील सर्रास चाल आहे. परिणाम काय होतो? दोन दिवसांत आग कमी होते, गोळ्या बंद होतात, आणि जे जंतू वाचतात ते त्या औषधाला सरावलेले असतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे वार्षिक अहवाल सांगतात की, एके काळी हमखास लागू पडणारी कित्येक प्रतिजैविके आपल्या देशातील ई. कोलायवर आता बहुतांशी निष्प्रभ झाली आहेत. सरकारने १ मार्च २०१४ पासून ‘एच-१’ ही अनुसूची अंमलात आणून तीतील प्रतिजैविके चिठ्ठीवाचून विकण्यावर कडक निर्बंध घातले, ते उगाच नव्हे. याउलट १९५३ पासून वापरात असलेले नायट्रोफ्युरॅन्टॉइन हे जुने औषध साध्या विकारात अजूनही बऱ्याच अंशी गुणकारी आहे. मी नाव घेतले म्हणून ते कोणी परस्पर आणू नये. कोणास काय द्यावे हे तपासणीनंतरच ठरते.

म्हणून डॉक्टरांकडे जावे. परीक्षेसाठी लघवी द्यावयाची असेल, तर पहिली धार सोडून मधली धार निर्जंतुक बाटलीत घ्यावी, प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी घ्यावी, आणि दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवावी. औषध सांगितले तितके दिवस पूर्ण घ्यावे. थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत वेदना, उलट्या, लघवीत रक्त, ही लक्षणे दिसल्यास एक रात्रही थांबू नये. दोष मूत्रपिंडापर्यंत पोचल्याची ती सूचना असू शकते. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा विकार झाला, तर मूळ कारणाचा शोध करावा.

क्रॅनबेरी या परदेशी फळाविषयी हल्ली पुष्कळ जाहिराती दिसतात. २०२३ साली झालेल्या एका व्यापक आढाव्यात असे आढळले की, वारंवार विकार होणाऱ्या स्त्रियांत आणि मुलांत ते काही प्रमाणात प्रतिबंध करते. झालेला रोग मात्र त्याने बरा होत नाही. आपले करवंद हे निराळे फळ आहे. ते आवडीने खावे, पण क्रॅनबेरीचे श्रेय त्याला देऊ नये. धन्याचे पाणी किंवा सब्जा यांचेही तसेच. पाणी म्हणून उत्तम, आराम म्हणून ठीक, परंतु ताप असताना त्यांवर विसंबणे घातक.

श्रोतेहो, आतापर्यंत मी व्यक्तीच्या सवयींविषयी बोललो. पण सवय ही सोयीची लेक आहे. शाळेत शिकविणाऱ्या किती भगिनी सकाळी घरून निघताना पाणी टाळतात, याची आपणास कल्पना आहे काय? कारण विचारले तर उत्तर एकच: जावयाला जागा नाही, असली तर दार लागत नाही, दार लागले तर पाणी नाही. बसमधील वाहक भगिनी, बंदोबस्तावरील महिला पोलीस, बाजारात भाजी विकणाऱ्या स्त्रिया, शेतावरच्या मजूर स्त्रिया यांची हीच कथा. ‘भरपूर पाणी प्या’ हा माझा उपदेश त्यांना थट्टेसारखा वाटावा अशी स्थिती आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कामाच्या जागी स्त्रियांसाठी वेगळ्या शौचालयांचे बंधन घातले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळांत मुलामुलींसाठी वेगळ्या स्वच्छतागृहांची अट घातली. २०११ पासून मुंबईत स्त्रियांच्या संघटनांनी स्वच्छ, विनामूल्य मुताऱ्यांच्या मागणीसाठी चळवळ उभारली. कायदा आहे, चळवळ आहे; उणीव आहे ती आपल्या लक्षाची.

म्हणून मंडळापुढे तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली: आपल्या ज्ञातीचे विवाह ज्या कार्यालयांत होतात, तेथे जागा ठरविताना जेवणाच्या पदार्थांइतकीच चौकशी स्त्रियांच्या स्वच्छतागृहांची करावी. किती आहेत, कडी लागते काय, पाणी व दिवा आहे काय, हे पाहिल्यावाचून आगाऊ रक्कम देऊ नये. वधूला तर शालू नेसविल्यापासून वरात निघेपर्यंत पाण्याचा घोट घेऊ दिला जात नाही, कारण ‘पुन्हा कोण नेसवणार?’ ही रीत या वर्षापासून बंद करावी. करवलीने वधूला दर दोन तासांनी पाणी विचारावे आणि संकोच न करता जाऊन आणावे. दुसरी: मंडळ शिष्यवृत्त्या देते त्याबरोबरच, आपल्या मुली ज्या शाळांत व वसतिगृहांत आहेत तेथील स्वच्छतागृहांची पाहणी महिला शाखेने वर्षातून दोनदा करावी आणि आढळलेले दोष लेखी कळवावेत. तिसरी: मंडळाच्या सहली व यात्रा यांच्या कार्यक्रमपत्रिकेत दर तीन तासांनी थांबण्याची जागा आधीच नमूद असावी. ‘मध्ये कोठेतरी थांबू’ यातले ‘कोठेतरी’ पुरुषांना सापडते, स्त्रियांना सापडत नाही.

या सूचनांना मोठा निधी लागत नाही. देणगीदारांची पाटी लावावी असेही त्यांत काही नाही. कदाचित म्हणूनच त्या आजवर मागे राहिल्या असतील. परंतु ज्या ज्ञातीतील मुलगी शाळेत निर्धास्तपणे पाणी पिऊ शकते, गर्भवती सून वेळेवर तपासणीस जाते, आणि आजी आपले दुखणे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगते, ती ज्ञाती खरोखर सुधारली असे मी म्हणेन.

 बाहेर पाण्याची व्यवस्था स्वयंसेवकांनी उत्तम केलेली आहे, आणि स्वच्छतागृहे उजव्या हातास आहेत. दोहोंचा लाभ सर्वांनी घ्यावा, एवढी विनंती करून आपली रजा घेतो.